जुना कर्नल काढायची घाई करू नका

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन १२ या लिनक्स वितरणाची १२.३ ही सुधारित आवृत्ती त्या दिवशी जाहीर व्हायची होती. नवी पॅकेजेस सर्व्हरवर पोहोचलीही होती. ऐन वेळी काम थांबवावं लागलं, कारण या आवृत्तीबरोबर येणाऱ्या ६.१.६४ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ईएक्सटी-४ फाइलसिस्टमवरचा डेटा बिघडवणारा दोष असल्याचं समोर आलं. डेबियन बसवताना मुद्दाम वेगळं काही निवडलं नाही तर डिस्कवर ईएक्सटी-४ च येते, त्यामुळे प्रकरण गंभीर होतं. तूर्त कोणीही अपडेट करू नका, असं डेबियनने कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी ६.१.६६ हा कर्नल घेऊन थेट १२.४ आली.

दोष शिरला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समध्ये कोणतीही दुरुस्ती आधी सर्वांत नव्या कर्नलमध्ये होते आणि मग ती जुन्या, पण अजून सांभाळल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये उतरवली जाते. ईएक्सटी-४ मधली अशीच एक दुरुस्ती ६.१ मालिकेत आणली गेली. मात्र ती ६.५ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका बदलाच्या भरवशावर लिहिलेली होती आणि तो बदल ६.१ मध्ये नव्हताच. मग कॅशे टाळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रामांच्या बाबतीत, फाइलमधलं पुढचं लिखाण कुठून सुरू करायचं हा हिशेब चुकू लागला. दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबर होते; एकाशिवाय दुसरा आला, हीच चूक.

एवढ्यावर भागलं नाही. ६.१.६६ ने डेटाचा प्रश्न मिटवला, पण त्यात काही जणांचं वायफाय बिघडलं आणि ते ६.१.६७ मध्ये ठीक झालं. डेबियनच्या पॅकेजांच्या भाषेत सांगायचं तर १३ क्रमांकाचा कर्नल चांगला, १४ धोक्याचा, १५ वायफायला अडणारा आणि १६ पुन्हा चांगला, असं सगळं काही दिवसांत घडलं. ज्यांच्याकडे १४ येऊन बसला होता, त्यांना दुरुस्तीची वाट पाहत यंत्र बंद ठेवण्याचं कारण नव्हतं. यंत्र पुन्हा सुरू करायचं, मेनूतून १३ निवडायचा आणि कामाला लागायचं. तो १३ कोणी खास जपून ठेवलेला नव्हता. नव्याच्या शेजारी जुना राहू द्यायचा, ही लिनक्सची रीतच आहे.

लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी सुरुवातीच्या मेनूत या जुन्या ओळी पाहिलेल्या असतात. अनेकांना त्या अडगळ वाटतात. आधीचं व्हर्जन कशाला ठेवायचं, नवं आलं की जुनं जायला हवं, असं फोनवरच्या ॲपच्या सवयीने वाटणं साहजिक आहे. पण कर्नलला ती सवय लावणं धोक्याचं आहे. ब्राउझरचं नवं व्हर्जन बिघडलं तर दुसरा ब्राउझर उघडून उपाय शोधता येतो. कर्नल बिघडला तर उपाय शोधायला स्क्रीनच समोर येत नाही. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क, पडदा, सगळं त्याच्यामार्फत चालतं. जी दुरुस्ती करायची ती करण्यासाठी आधी एक चालणारा कर्नल लागतो, आणि तो त्याच डिस्कवर हाताशी असलेला बरा.

आता प्रश्न असा की, एकाच यंत्रावर, त्याच फाइली, तेच प्रोग्राम, तीच होम डिरेक्टरी ठेवून आज एक कर्नल आणि उद्या दुसरा, हे जमतं कसं? याचं उत्तर दोन भिंतींमध्ये आहे. एक पक्की, दुसरी सतत हलणारी.

पक्की भिंत कर्नल आणि प्रोग्राम यांच्यामधली. फाइल उघड, मेमरी दे, नेटवर्कवर पाठव, अशा विनंत्या प्रोग्राम कर्नलकडे ज्या ठरलेल्या पद्धतीने करतात त्यांना सिस्टम कॉल म्हणतात. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स सुरू केलं, आणि ते एका नियमाबाबत फार कडक आहेत: काल चालणारा प्रोग्राम आज कर्नलमधल्या बदलामुळे बंद पडला, तर चूक कर्नलची. प्रोग्रामने पूर्वी चुकीच्या गृहीतकावर काम केलं होतं, हे कारणसुद्धा ते सहसा चालवून घेत नाहीत. या शिस्तीमुळे ६.१ वर चाललेलं लिबरऑफिस ६.१२ वरही चालतं. आणि उलट, नव्यावरून जुन्यावर परत गेलं तरी बहुतेक प्रोग्रामांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हलणारी भिंत कर्नलच्या पोटात आहे. ड्रायव्हर आणि उरलेला कर्नल यांच्यातली देवाणघेवाण कधीही बदलू शकते, आणि ती बदलण्याची मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन हे स्थिर कर्नल मालिका सांभाळणारे प्रमुख विकसक. ही मोकळीक का हवी, हे सांगणारा त्यांचा लेख कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांतच समाविष्ट आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, जुनी सदोष रचना केवळ कोणाचा तरी ड्रायव्हर अडतो म्हणून वर्षानुवर्षं वागवत राहिलो तर सुरक्षेच्या आणि वेगाच्या सुधारणा अडकून पडतील. मला हा युक्तिवाद पटतो. पण त्याची किंमत अशी की एका कर्नलसाठी तयार झालेलं ड्रायव्हर-मॉड्यूल दुसऱ्या कर्नलमध्ये चालेलच असं नाही. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं याचा शिक्का असतो, आणि शिक्का जुळला नाही तर कर्नल ते आत घेत नाही.

या दोन भिंती लक्षात आल्या की डिस्कवरची मांडणी आपोआप उलगडते. डेबियन १२ असलेल्या यंत्रावर मूळ डिरेक्टरीतली 'बूट' ही डिरेक्टरी उघडून पाहा. प्रत्येक कर्नलमागे तिथे चार फाइली दिसतील. पहिली 'व्हीएमलिनझ' नावाची, म्हणजे दाबून लहान केलेला प्रत्यक्ष कर्नल. ही दहा एमबीच्या आसपास. दुसरी 'इनिटआरडी', तिच्याकडे नंतर वळू. तिसरी 'कॉन्फिग', ज्यात हा कर्नल कोणकोणते पर्याय चालू ठेवून बांधला याची हजारो ओळींची यादी असते. चौथी 'सिस्टम मॅप'. नावाप्रमाणे ती कर्नलमधल्या फंक्शनांच्या पत्त्यांची सूची, पण डेबियनमध्ये तिच्यात खरी सूची डीबग पॅकेजमध्ये असल्याची एक ओळ तेवढी असते. चौघींच्या नावाला शेपूट एकच, उदाहरणार्थ ६.१.०-१३-एएमडी६४. शेजारी दुसरी चौकडी ६.१.०-१६ चं शेपूट लावून. 'लिब' डिरेक्टरीतल्या 'मॉड्यूल्स' मध्ये पुन्हा याच नावांच्या दोन स्वतंत्र डिरेक्टऱ्या, आणि प्रत्येकीत त्या त्या कर्नलचे हजारो ड्रायव्हर. सुरू झालेला कर्नल स्वतःचं नाव जाणतो आणि त्याच नावाच्या डिरेक्टरीतून मॉड्यूल्स घेतो. दुसऱ्याच्या डिरेक्टरीकडे तो पाहतही नाही. कर्नलचं सहजीवन उभं आहे ते या साध्या नामकरणावर.

टर्मिनलमध्ये 'यूनेम -आर' ही कमांड दिली की चालू कर्नलचं हे नाव दिसतं. ते वाचताना एक खुबी ध्यानात ठेवावी. डेबियनच्या ६.१.०-१३ मधला शून्य नुसता जागा भरण्यापुरता आहे. आतला खरा कर्नल ६.१.५५ होता. १३ हा आकडा डेबियनने दिलेला, कर्नलची आतली भिंत हलली की वाढणारा. 'यूनेम -व्ही' दिलं की मूळ क्रमांक दिसतो. सुरक्षेची बातमी वाचून आपल्याकडे दुरुस्ती आली की नाही हे तपासताना ही दुसरी कमांड उपयोगी पडते. पहिलीवरून नुसताच गोंधळ होतो.

तो १३ पॅकेजच्या नावातच घातलेला असणं, ही डेबियन आणि उबुंटूची युक्ती. फायरफॉक्सचं नवं पॅकेज येतं तेव्हा नाव तेच राहतं, आवृत्ती बदलते. म्हणून नवं आलं की जुनं जातं. कर्नलच्या बाबतीत आवृत्ती नावातच असल्याने १४ हे १३ चं अपडेट ठरत नाही. ते पूर्ण वेगळं पॅकेज ठरतं आणि शेजारी येऊन बसतं. अपडेट मागणाऱ्याला ते मिळावं म्हणून वर एक रिकामं पॅकेज असतं, ज्याचं काम एवढंच की सध्याच्या सर्वांत नव्या कर्नलकडे बोट दाखवायचं. यातली फट अशी की डेबियनने एखाद्या दुरुस्तीच्या वेळी आकडा वाढवला नाही, तर नवा कर्नल त्याच नावाने येऊन जुन्या फाइलीवर बसतो आणि परतीची वाट राहत नाही. पूर्वी असं बरेचदा व्हायचं. म्हणून मेनूत दोन ओळी आहेत, एवढ्यावर समाधान न मानता त्यातली जुनी खरोखर जुनी आहे ना, हे एकदा पाहून घ्यावं.

रेड हॅटच्या घराण्यात वेगळी रीत. तिथे एकाच नावाच्या पॅकेजच्या अनेक आवृत्त्या एकत्र नांदू शकतात, फक्त त्या 'अपग्रेड' न करता 'इन्स्टॉल' करायच्या. पूर्वीच्या काळी हे माणसाला लक्षात ठेवावं लागे. रेड हॅटची मार्गदर्शक पुस्तकं बजावून सांगत की इतर सगळ्याला आरपीएम या पॅकेज साधनाचा 'यू' पर्याय चालेल, कर्नलला मात्र 'आय' च वापरा. आज फेडोरात डीएनएफ या पॅकेज व्यवस्थेला हे ठाऊक असतं. कर्नल हे फक्त इन्स्टॉल करायचं पॅकेज आहे आणि एका वेळी तीन ठेवायचे, ही त्याची मूळ मांडणी. चौथा आला की सर्वांत जुना जातो, मात्र सध्या चालू असलेल्याला तो हात लावत नाही. ही मर्यादा वाढवता येते, पण एकवर आणता येत नाही. डीएनएफ तो आकडा स्वीकारतच नाही. हा निर्णय मला फार योग्य वाटतो. ओपनसुझेमध्ये हीच गोष्ट सेटिंगच्या एका ओळीत स्पष्ट लिहिलेली असते: सर्वांत नवा ठेवा, त्याच्या आधीचा ठेवा, आणि चालू असलेला ठेवा.

आर्च लिनक्सने हा मार्ग घेतला नाही. तिथे नवा कर्नल आला की जुना आणि त्याची मॉड्यूल्स दोन्ही जातात. मेमरीत जुना कर्नल चालूच असतो, पण त्याच्या नावाची डिरेक्टरी डिस्कवर उरलेली नसते. अशा वेळी पेनड्राइव्ह लावला आणि त्याचं मॉड्यूल आधीच मेमरीत आलेलं नसलं, तर यंत्र ढिम्म. पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक. आर्चवरचे जाणते लोक म्हणून नेहमीच्या कर्नलबरोबर दीर्घकाळ सांभाळला जाणारा एलटीएस कर्नलही बसवून ठेवतात. दोघांची पॅकेजं वेगळी, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा शाबूत.

आता ती दुसरी फाइल, इनिटआरडी. तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण निम्म्या अडचणी तिथेच उगवतात. कर्नल सुरू झाला की त्याला मुख्य डिस्क उघडायची असते. डिस्क उघडायला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच आहे. हा पेच सोडवण्यासाठी बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, कर्नलबरोबरच एक छोटी फाइलसिस्टम मेमरीत आणून ठेवतो. त्यात डिस्कचे ड्रायव्हर, एन्क्रिप्शन उघडण्याची साधनं आणि थोडे प्रोग्राम असतात. यात मॉड्यूल्स आहेत म्हटल्यावर ती दर कर्नलची वेगळीच असणार. शिवाय ती तयार मिळत नाही, तुमच्याच यंत्रावर तयार होते: डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्स, फेडोरात ड्रॅकट, आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओ हे काम करतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. डेबियनमध्ये या फाइली नव्याने करण्याची नेहमीची कमांड फक्त सर्वांत नव्या कर्नलच्या फाइलीला हात लावते. जुन्याची फाइल, जिच्यावरून यंत्र नीट सुरू झाल्याचं तुम्ही पाहिलेलं असतं, ती तशीच राहते. पण डेबियनमध्ये आणि ड्रॅकटमध्येही 'सगळ्यांच्या नव्याने कर' असा पर्याय आहे, आणि इंटरनेटवरचे कितीतरी उपाय तोच द्यायला सांगतात. सेटिंगमध्ये चूक असेल तर त्या एका कमांडने चालणाऱ्या जुन्या कर्नलची वाटही बंद होते. आधी एकाचीच फाइल नवी करावी, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावं, मगच बाकीच्यांकडे वळावं. स्टेपनी आहे पण तिच्यात हवा नाही, अशी गत व्हायला नको.

नवा कर्नल बिघडण्याची कारणं पाहिली तर त्यात कर्नलबाहेर सांभाळले जाणारे ड्रायव्हर बरेच वर असतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल्स, झेडएफएस फाइलसिस्टम. हे कर्नलच्या मूळ कोडमध्ये नाहीत, म्हणून त्या हलणाऱ्या भिंतीचा धक्का त्यांना सगळ्यांत जास्त बसतो. नवा कर्नल आला की ही मॉड्यूल्स त्याच्यासाठी आपोआप नव्याने बांधून देणारी डीकेएमएस ही व्यवस्था डेल कंपनीने तयार केली. ती बहुतेक वेळा निमूटपणे काम करते. पण या बांधणीला लागणारं त्या कर्नलचं हेडर पॅकेज नसेल, किंवा कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललेलं असेल, तर बांधणी फसते. जानेवारी २०१९ मध्ये ५.० ची तयारी सुरू असताना झेडएफएसवर अशीच वेळ आली: ते वापरत असलेलं एक आतलं फंक्शन बाहेरच्या मॉड्यूल्ससाठी बंद केलं गेलं आणि त्यांना दुसरी व्यवस्था शोधावी लागली. मूळ डिस्कच झेडएफएसवर असलेल्या यंत्रात बांधणी फसली तर नवा कर्नल डिस्कच उघडू शकत नाही. जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल मात्र त्याच्या डिरेक्टरीत सुखरूप असतं.

मेनूपर्यंत पोहोचायचं कसं, हे आधी माहीत असावं, कारण गरज पडते तेव्हा शोधायला दुसरं यंत्र हाताशी असेलच असं नाही. उबुंटू एकटंच बसवलेलं असेल तर ग्रब या बूटलोडरचा मेनू दिसतच नाही. जुन्या बायोसच्या यंत्रावर सुरू होताना शिफ्ट दाबून धरायची. यूईएफआय असेल तर कंपनीचं चिन्ह येऊन गेल्यावर एस्केप, तीही एकदाच. दोनदा दाबली गेली तर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तिथे 'नॉर्मल' टाइप करून मेनूकडे परतता येतं. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडलं की सगळे कर्नल ओळीने दिसतात. फेडोराही मेनू लपवतो, पण आधीची सुरुवात यशस्वी झाली नसेल तर पुढच्या वेळी तो आपणहून दाखवतो.

दूरच्या सर्व्हरवर ना मेनू दिसतो ना कीबोर्ड असतो. तिथली पद्धत मला विशेष आवडते. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'जतन केलेला पर्याय वापर' असं सांगून जुना, खात्रीचा कर्नल मूळ म्हणून ठेवायचा. मग 'ग्रब-रीबूट' या कमांडने फक्त पुढच्या एका वेळेपुरता नवा कर्नल निवडायचा, आणि त्याला 'पॅनिक=१०' ही सूचना द्यायची, म्हणजे कर्नल कोलमडला तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होईल. एकदाची निवड तोवर वापरून झालेली असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी जुनाच कर्नल येतो आणि तुम्हाला पुन्हा लॉगिन करता येतं. कर्नल न कोलमडता नुसताच अडकून बसला तर ही युक्ती पुरत नाही. सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूटलोडरमध्ये हाच विचार फाइलीच्या नावात उतरवता येतो: नव्या नोंदीच्या नावापुढे '+३' असं लिहिलं जातं, दर प्रयत्नाला तो आकडा घटतो, यशस्वी झाल्यावर तो निघून जातो, आणि शून्यावर आला तर ती नोंद यादीत तळाला ढकलली जाते.

यातलं काहीच पूर्वी आयतं नव्हतं. १९९० च्या दशकात लिलो हा बूटलोडर होता. कर्नल डिस्कवर नेमका कोणत्या ठिकाणी आहे ते तो टिपून ठेवत असे. नवा कर्नल टाकल्यावर लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, तर टिपलेले पत्ते चुकीचे ठरत आणि यंत्र उठत नसे. तेव्हाही स्वतः कर्नल बांधणारे लोक जुन्या फाइलीला '.ओल्ड' अशी शेपटी लावून तिची नोंद मेनूत ठेवत. आज जे आपोआप होतं, ते या मंडळींच्या हाताच्या सवयीतून आलेलं आहे.

अनेक कर्नल ठेवण्याचा खरा कस लागतो तो दोष शोधताना. कर्नलची मुख्य आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात तेरा-चौदा हजार बदल असतात. समजा, तुमच्या लॅपटॉपचा आवाज एका आवृत्तीत होता आणि पुढच्या आवृत्तीत गेला. दोषी बदल या हजारोंपैकी एक. गिटमधली बायसेक्ट ही सोय मधला बदल काढून देते. तो कर्नल बांधायचा, सुरू करायचा, आवाज येतो का पाहायचं. येत असेल तर पहिली निम्मी यादी बाद, नसेल तर दुसरी. दर खेपेला निम्मे कमी होत गेले की चौदा खेपांत नेमका तो एक बदल हाती येतो. हे करताना प्रत्येक कर्नलला वेगळं शेपूट लावणं अत्यावश्यक आहे. बांधणीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी 'लोकल व्हर्जन' नावाची जागाच आहे. दोघांचं नाव सारखं झालं तर दुसऱ्याची मॉड्यूल्स पहिल्याच्या डिरेक्टरीत जाऊन बसतात आणि निष्कर्ष फसवे निघतात. प्रोग्रामिंगचा फार अनुभव नसलेल्या माणसालाही ही शोधाशोध करता येते आणि विकसकांना ती मोलाची वाटते, कारण तुमचं यंत्र त्यांच्यापाशी नसतं.

जागेची अडचण मात्र खरी आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली की बूट डिरेक्टरीला सहसा वेगळं पार्टिशन दिलं जातं, आणि जुन्या मांडण्यांमध्ये ते काहीशे एमबीचंच असे. इनिटआरडी फाइली अलीकडे जाडजूड झाल्या आहेत. ग्राफिक्सचं फर्मवेअर आत गेलं तर एकेक शंभर एमबी ओलांडते. तीन-चार कर्नल जमले की पार्टिशन भरतं, नव्या कर्नलची फाइल अर्धवट राहते आणि पॅकेज व्यवस्था अडून बसते. अशा वेळी बूटमधल्या फाइली हाताने उडवण्याचा मोह टाळावा. फाइल गेली तरी पॅकेजच्या नोंदीत तो कर्नल राहतोच आणि पुढच्या वेळी गुंता वाढतो. आधी 'यूनेम -आर' ने चालू कर्नल पाहावा, मग त्यापेक्षा जुना एक नेमका नाव घेऊन पॅकेज व्यवस्थेकडूनच काढवून घ्यावा. डेबियन-उबुंटूच्या एपीटी या पॅकेज व्यवस्थेची ऑटोरिमूव्ह कमांड चालू कर्नल, सर्वांत नवा आणि त्याच्या आधीचा एवढे वगळून बाकीचे उचलते. ती अधूनमधून चालवली तर ही वेळ सहसा येत नाही.

जुना कर्नल सगळ्यावर उपाय नाही, हेही सांगायला हवं. डेटा बिघडून गेला असेल तर जुन्या कर्नलवर परतून तो दुरुस्त होत नाही. त्याला बॅकअपच लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० च्या कर्नलमधल्या एका इंटेल ड्रायव्हरने लेनोवोच्या काही लॅपटॉपचं बायोस बिघडवलं, तेव्हा झालेलं नुकसान मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होतं, म्हणून नुसतं जुन्या कर्नलवर परतून ते भरून निघण्यासारखं नव्हतं. फर्मवेअर फाइली सगळ्या कर्नलना समाईक असतात, त्यामुळे दोष फर्मवेअरच्या अपडेटमध्ये असला तर जुना कर्नलही तसाच अडखळू शकतो. झेडएफएसचा पूल 'अपग्रेड' करून नवी वैशिष्ट्यं चालू केली की जुन्या कर्नलसोबतचं जुनं मॉड्यूल तो उघडायला नकार देऊ शकतं. हे पाऊल नवा कर्नल चार आठवडे नीट चालल्याशिवाय टाकू नये, असं माझं मत.

आणि जुन्यावर मुक्काम ठोकू नये. मार्च २०२२ मध्ये उघड झालेला 'डर्टी पाइप' हा दोष ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होता. ज्या फाइलीवर लिहिण्याची परवानगी नाही तिचा मजकूरही साध्या वापरकर्त्याला त्यातून बदलता येत असे. ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये तो बुजवला गेला. ज्याने वायफायच्या एखाद्या तक्रारीवरून जुना कर्नल कायमचा मूळ करून ठेवला, त्याच्याकडे नवा कर्नल डिस्कवर असूनही हे भगदाड उघडंच राहिलं. नवा कर्नल नुसता येऊन बसल्याने काहीच होत नाही. यंत्र त्यावर सुरू व्हावं लागतं. महिनोन्‌महिने न थांबवलेल्या सर्व्हरचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

दुसऱ्या बाजूला जानेवारी २०१८ आठवावा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष नुकतेच जाहीर झाले होते आणि सगळीकडे घाईने दुरुस्त्या येत होत्या. उबुंटू १६.०४ चा ४.४.०-१०८ हा कर्नल अशीच दुरुस्ती घेऊन आला आणि काही यंत्रं सुरूच होईनात. लगेच १०९ आला. मधल्या वेळात लोकांनी मेनूतून जुना कर्नल निवडला, त्यावरून यंत्र उठवलं आणि त्याच यंत्रावरून १०९ उतरवून घेतला. जुना कर्नल असाच वापरावा, तात्पुरता, पुढच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचण्यापुरता.

तुमच्याकडे लिनक्सचं यंत्र असेल तर येत्या सुट्टीत अर्धा तास काढा. कोणते कर्नल बसलेले आहेत ते पाहा, बूट पार्टिशनवर किती जागा उरली आहे ते पाहा. मग यंत्र पुन्हा सुरू करून मेनू उघडा, जुना कर्नल निवडा, आणि पडदा, आवाज, वायफाय, डिस्क सगळं चालतं का ते तपासा. पुन्हा नव्यावर या. मेनू उघडण्याची तुमच्या यंत्रावरची नेमकी कळ एका कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत असू द्या.